अंध श्रवण-परीक्षा

अंध श्रवण-परीक्षा : दोन ध्वनिसाधनांपैकी कोणते चालू आहे हे श्रोत्याला कळू न देता, केवळ कानांच्या आधारे त्यांतील फरक ओळखता येतो की नाही, हे ठरविण्याची पद्धती. येथे ‘अंध’ हा शब्द दृष्टिहीन या अर्थी नसून साधनाचे नाव, किंमत व रूप यांविषयी अनभिज्ञ या अर्थी योजिला आहे. परीक्षा घेणाऱ्यालाही कोणते साधन चालू आहे हे ठाऊक नसेल, तर तिला द्वि-अंध परीक्षा म्हणतात. ध्वनिक्षेपक (विद्युत् संदेशाचे ध्वनीत रूपांतर करणारे साधन), विवर्धक, ध्वनिमुद्रणाच्या पद्धती, वाद्ये इत्यादींसाठी ही पद्धती वापरली जाते. मात्र तिच्याविषयी सर्वाधिक वाद झाला तो विवर्धकापासून ध्वनिक्षेपकापर्यंत जाणाऱ्या महाग तारांच्या संदर्भात. साध्या दुपदरी तारेच्या शेकडोपट किंमत असलेल्या तारा बाजारात आहेत. त्या जोडल्याने आवाज अधिक ‘मोकळा’, ‘उबदार’ किंवा ‘खोल’ होतो, असे त्यांचे चाहते प्रामाणिकपणे सांगतात. हा अनुभव खोटा आहे असे अंध परीक्षा म्हणत नाही. तो तारेतून येतो की तारेविषयीच्या माहितीतून, एवढेच ती विचारते.

पूर्वेतिहास : जाणकाराच्या इंद्रियाची परीक्षा त्याच्यापासून माहिती लपवून घ्यावी, ही कल्पना ध्वनिशास्त्रातली नव्हे. फ्रान्सचा राजा सोळावा लुई याने १७८४ मध्ये नेमलेल्या मंडळाने ‘प्राणिज चुंबकत्वा’ने रोग बरे होतात या दाव्याची तपासणी केली. बेंजामिन फ्रँक्लिन व आंत्वान लाव्हॉयझर हे या मंडळाचे सदस्य होते. रुग्णांचे डोळे बांधल्यावर, उपचार चालू आहे असे केवळ सांगितले तरी त्यांना झटके येत आणि न सांगता उपचार केला तर काहीच होत नसे, असे दिसून आले. पुढे ब्रिटिश सांख्यिकीविज्ञ रॉनल्ड फिशर यांनी १९३५ च्या आपल्या ग्रंथात चहाच्या पेल्यांचे प्रसिद्ध उदाहरण दिले. दूध आधी घातले की चहा, हे चवीवरून ओळखता येते असे एक बाई म्हणत. आठ पेल्यांपैकी चार एका प्रकारचे व चार दुसऱ्या प्रकारचे करून यदृच्छ क्रमाने पुढे ठेवल्यास, केवळ अंदाजाने सर्व पेले बरोबर ओळखण्याची संभाव्यता ७० त १ एवढी असते. योगायोगाचा वाटा असा आधीच मोजून ठेवणे, हा या पद्धतीचा गाभा होय. [⟶ सांख्यिकी].

श्रवणाच्या क्षेत्रात १९५० मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेचे डब्ल्यू. ए. मन्सन व मार्क गार्डनर यांनी अशा परीक्षांचे प्रमाणीकरण सुचविले. त्यातूनच ‘अ–ब–क्ष’ पद्धती पुढे आली. तीत श्रोता अ व ब ही दोन ज्ञात साधने हवी तितक्या वेळा ऐकू शकतो. तिसरे, म्हणजे क्ष, हे त्या दोहोंपैकीच एक असते, पण कोणते ते यदृच्छ ठरविलेले असते. क्ष म्हणजे अ की ब, एवढेच श्रोत्याने सांगावयाचे. कोणते अधिक चांगले, हा प्रश्न येथे विचारला जात नाही. दोन वस्तूंत फरकच ओळखू येत नसेल, तर त्यांतील चांगली कोणती या चर्चेला अर्थ राहत नाही. १९८२ मध्ये डेव्हिड क्लार्क यांनी या पद्धतीसाठी आपोआप अदलाबदल करणाऱ्या उपकरणाचे वर्णन प्रसिद्ध केले. तेव्हापासून ती घरगुती ध्वनियंत्रणांच्या शौकिनांपर्यंत पोहोचली.

तारेचे भौतिकी : ध्वनिक्षेपकाची तार काय करू शकते व काय करू शकत नाही, हे मोजता येते. दीड चौ. मिमी. छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सु. ०·०११५ ओहम असतो. पाच मीटर अंतरासाठी जाणारी व येणारी मिळून दहा मीटर तार लागते, म्हणजे रोध सु. ०·११५ ओहम होतो. आठ ओहमच्या ध्वनिक्षेपकाशी ही तार जोडल्यास आवाजाची पातळी जेमतेम ०·१२ डेसिबेलने घटते. याउलट २४ गेजची, म्हणजे सु. ०·२ चौ. मिमी. छेदाची केसासारखी बारीक तार तेवढ्याच अंतराला वापरली, तर रोध सु. ०·८४ ओहम होऊन घट जवळजवळ ०·९ डेसिबेल होते. शिवाय ध्वनिक्षेपकाचा संरोध (प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारा एकूण विरोध) सर्व कंप्रतांना सारखा नसतो. तो एखाद्या कंप्रतेला ६ ओहम, तर दुसरीला ३० ओहमही असू शकतो. त्यामुळे बारीक तारेतील घट सर्व स्वरांना सारखी न राहता आवाजाचा तोल किंचित बदलतो, आणि हा बदल कानाला कळू शकतो. तारांत फरक असतोच असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे एवढ्यापुरते खरे आहे. परंतु तो फरक जाडीचा आहे. जाडी वाढविण्यास फारसे पैसे पडत नाहीत.

महाग तारांच्या जाहिरातींत धातूची शुद्धता, त्वक्-परिणाम (उच्च कंप्रतेचा प्रवाह संवाहकाच्या पृष्ठभागाकडे सरकणे) इत्यादींचा उल्लेख येतो. तांब्यात २०,००० हर्ट्झ कंप्रतेस प्रवाहाची खोली सु. ०·४७ मिमी. असते, म्हणजे श्राव्य मर्यादेतील सर्वांत वरच्या टोकालाही बारीक पदरांच्या नेहमीच्या तारेत या परिणामाला फारसा वाव नसतो. तारेतून जाणाऱ्या त्याच कंप्रतेच्या विद्युत् तरंगाची लांबी सु. दहा किमी. भरते. त्यामुळे चार-पाच मीटरच्या तारेत तरंगांचे परावर्तन होऊन आवाज बिघडतो, हा युक्तिवादही टिकत नाही. शुद्धतेचे म्हणाल, तर विद्युत् कामासाठी बनविलेले नेहमीचे तांबे व अतिशुद्ध तांबे यांच्या संवाहकतेतील फरक दोनतीन टक्क्यांच्या आतला आहे. तापमान एक अंश से. ने वाढले की तांब्याचा रोध सु. ०·३९ टक्क्याने वाढतो. अकोला किंवा अमरावती येथे हिवाळ्यातील पहाटेचे १०° से. व मे महिन्यातील दुपारचे ४५° से. यांच्या दरम्यान एकाच तारेचा रोध सु. १४ टक्के बदलतो. वऱ्हाडातील उन्हाळा तारेत जो फरक पाडतो, तो शुद्धतेने पडणाऱ्या फरकाच्या कित्येक पट आहे. तरीही वर दिलेल्या दीड चौ. मिमी. तारेच्या बाबतीत तो पातळीत डेसिबेलच्या दोनशतांश भागाइतकाही बदल घडवीत नाही. ‘उन्हाळ्यात गाणे निराळे लागते’ अशी तक्रार कोणी केल्यास तिचे कारण तारेत न शोधता कुलरच्या घरघरीत शोधणे अधिक फलदायी ठरेल.

तार खरोखर महत्त्वाची ठरते ती जत्रा, कीर्तन-सप्ताह, लग्नमंडप व मिरवणुका यांत, कारण तेथे अंतरे मोठी असतात. पन्नास मीटर दूर ठेवलेल्या चार ओहमच्या ध्वनिक्षेपकाला एक चौ. मिमी. ची तार जोडली, तर तारेचा रोध सु. १·७ ओहम होतो आणि विवर्धकाने दिलेल्या शक्तीपैकी सु. ३० टक्के शक्ती तार तापविण्यात खर्च होते. यावरील उपाय मोठ्या किंमतीची तार नव्हे. रोहित्राच्या साहाय्याने दाब १०० व्होल्टपर्यंत वाढविल्यास तीस वॉटच्या भोंग्याला केवळ ०·३ अँपिअर प्रवाह लागतो आणि त्याच तारेतील ऱ्हास अर्ध्या टक्क्याच्या आसपास येतो. दूर अंतरावर वीज वाहून नेण्याचेही हेच तत्त्व आहे. गावोगावच्या मंडप व ध्वनिव्यवस्थेच्या व्यावसायिकांना ते अनुभवाने ठाऊक आहे, आणि सोनेरी टोकांच्या तारांच्या वाटेला ते सहसा जात नाहीत.

प्रत्यक्ष परीक्षा व निष्कर्ष : तारांच्या अंध परीक्षांपैकी गाजलेली एक परीक्षा लॉरेन्स ग्रीनहिल यांनी घेतली. ती ऑगस्ट १९८३ मध्ये अमेरिकेतील स्टिरिओ रिव्ह्यू या मासिकात प्रसिद्ध झाली. खास म्हणून विकली जाणारी जाड तार, १६ गेजची साधी दिव्याची तार आणि २४ गेजची बारीक तार अशा तीन तारा तीत होत्या. सर्व कंप्रता असलेला सलग खळखळाट ऐकविल्यावर श्रोत्यांना बारीक तार ओळखता आली. वर दिलेल्या गणितावरून हे अपेक्षितच होते. परंतु पातळी समान केल्यावर, संगीत ऐकताना खास तार व दिव्याची साधी तार यांतील भेद त्यांना विश्वसनीयपणे ओळखता आला नाही. २००७ मध्ये जेम्स रँडी यांनी सात हजार डॉलरहून अधिक किंमतीच्या तारजोडीचा फरक अंध परीक्षेत ओळखणाऱ्यास दहा लक्ष डॉलरांचे पारितोषिक देऊ केले. एका नामांकित समीक्षकाने ते आव्हान स्वीकारण्याची तयारी दर्शविली. मात्र अटी व तारांचा पुरवठा यांवरून बोलणी फिसकटली आणि परीक्षा झालीच नाही. या प्रसंगाचा दाखला दोन्ही पक्ष आपापल्या बाजूने देतात. वास्तविक न झालेल्या परीक्षेतून कोणाचेच काही सिद्ध होत नाही.

अंध परीक्षेत सगळेच सारखे वाटते, असा आक्षेप घेतला जातो. तो वस्तुस्थितीला धरून नाही. फ्लॉइड टूल व शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तेच ध्वनिक्षेपक आधी झाकून व मग उघडपणे ऐकविले होते. झाकलेल्या स्थितीत श्रोत्यांनी ध्वनिक्षेपकांत भेद केला. ते खोलीत कोठे ठेवले आहेत याचा परिणामही त्यांना जाणवला. उघड परीक्षेत मात्र नाव, आकार व किंमत यांच्या प्रभावाने गुण बदलले आणि जागेमुळे पडणारा खरा फरक श्रोत्यांच्या लक्षातून निसटला. येथील श्रोते ध्वनिसाधने बनविणाऱ्या उद्योगातीलच होते, तेव्हा अनुभवाने हा दोष जातो असेही नाही. वाद्यांच्या बाबतीत २०१० मध्ये इंडियानापोलिस येथे क्लॉडिया फ्रिट्झ, जोसेफ कर्टिन व सहकारी यांनी २१ व्हायोलिनवादकांना काळे चष्मे घालून, मंद उजेडात सहा व्हायोलिने वाजवावयास दिली. त्यांपैकी तीन नवी, दोन स्ट्रॅडिव्हेरी व एक ग्वार्नेरी यांच्या घडणीचे होते. सर्वाधिक पसंती एका नव्या वाद्यास मिळाली आणि सर्वांत कमी एका स्ट्रॅडिव्हेरीस. २०१२ मध्ये पॅरिस येथे दहा ख्यातनाम वादकांच्या साहाय्याने केलेल्या विस्तृत प्रयोगातही नव्या वाद्यांनी जुन्यांच्या तुलनेत हार खाल्ली नाही.

गणिताची बाजू : एकाच वेळी बरोबर ओळखले म्हणजे ओळखता येते, असे नव्हे. दहा प्रयत्नांत केवळ अंदाजाने आठ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची संभाव्यता सु. ५·५ टक्के, तर नऊ किंवा अधिक येण्याची सु. १ टक्का असते. सोळा प्रयत्नांत बारा किंवा अधिक बरोबर येण्याची संभाव्यता सु. ३·८ टक्के भरते, म्हणून पुष्कळ ठिकाणी ही मर्यादा पाळली जाते. वीस जणांनी प्रत्येकी दहा प्रयत्न केले आणि कोणालाही काहीच ओळखता येत नसले, तरी सरासरीने एकास आठ किंवा अधिक गुण मिळतीलच. त्याला लगेच ‘तीक्ष्ण कानाचा’ ठरविणे चूक होय. त्याची पुन्हा स्वतंत्र परीक्षा घ्यावी लागते, आणि पुष्कळदा दुसऱ्या फेरीत तो सामान्यांत जमा होतो.

मर्यादा : नकारात्मक निष्कर्ष म्हणजे फरक नाहीच याची सिद्धता नव्हे. त्या श्रोत्यांना, त्या संगीतात, त्या खोलीत तो आढळला नाही, एवढाच त्याचा अर्थ. श्रोत्यावर परीक्षेचा ताण असतो. काय ऐकावयाचे हे त्याला आधी माहीत नसेल, तर खरा दोषही त्याच्या हातून सुटतो. स्वीडनच्या नभोवाणीने १९९० च्या सुमारास अंकीय ध्वनिसंक्षेपणाच्या पद्धतींची तज्ञ श्रोत्यांकरवी हजारो वेळा अंध परीक्षा घेतली होती. त्यानंतर बार्ट लोकांथी या अभियंत्यास त्यांतील एका पद्धतीत सु. १,५०० हर्ट्झचा अनावश्यक सूर ऐकू आला. एकदा दाखविल्यावर तो इतरांनाही ऐकू येऊ लागला. म्हणून चांगल्या परीक्षेत श्रोत्यांना आधी सराव दिला जातो, आणि मध्येमध्ये निश्चित ओळखू येईल असा फरक मुद्दाम ठेवून परीक्षा पुरेशी संवेदनशील आहे की नाही हे पाहिले जाते. दीर्घकाळ घरी ऐकल्यावरच फरक कळतो, हा आक्षेप मात्र पद्धतीविरुद्ध नाही. झाकलेली तार घरी महिनाभर ठेवूनही अंध परीक्षा घेता येते.

महाराष्ट्रातील संदर्भ : कानाला प्रमाण मानण्याची परंपरा भारतीय संगीतशास्त्रात जुनी आहे. भरताच्या नाट्यशास्त्रातील चतुःसारणेत ध्रुव व चल अशा दोन वीणांची तुलना करून बावीस श्रुती सिद्ध केल्या आहेत. हा श्रवणाचाच प्रयोग आहे. परंतु त्यात वीणा लावणारा, ऐकणारा व निर्णय देणारा एकच असल्याने त्यास अंध म्हणता येत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी कृ. ब. देवल व ई. क्लेमंट्स यांनी बावीस श्रुतींची निश्चित कंपनप्रमाणे मांडून त्यांनुसार श्रुति-हार्मोनियम तयार करविला. तो १९१६ च्या बडोदे येथील संगीत परिषदेत वादाचा विषय झाला. पुढे नझीर जयरझभाई व ए. डब्ल्यू. स्टोन यांनी १९६३ मध्ये वादकांच्या प्रत्यक्ष स्वरांची मोजणी प्रसिद्ध केली. तीत एकाच रागातील एकच स्वर निरनिराळ्या वेळी लक्षणीय प्रमाणात कमीजास्त लागतो, असे दिसले. श्रुतींवरील वादाला यामुळे पूर्णविराम मिळाला नसला, तरी ‘ऐकू आले’ व ‘लागले’ या दोन गोष्टी वेगळ्या काढण्याची गरज स्पष्ट झाली.

द्वि-अंध पद्धतीचा महाराष्ट्रातील सर्वांत परिचित वापर ध्वनीशी संबंधित नाही. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर व प्रकाश घाटपांडे यांनी पुणे येथे फलज्योतिषाची परीक्षा घेतली व तिचा वृत्तांत २००९ मध्ये प्रसिद्ध केला. शंभर हुशार व शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या तयार करून त्यांपैकी चाळीस-चाळीस कुंडल्यांचे संच ज्योतिषांना दिले होते. कुंडली कोणत्या गटातील हे त्यांनी सांगावयाचे होते. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठविली आणि एकूण यश नाणेफेकीच्या पातळीवरच राहिले.

वऱ्हाडात याच प्रश्नाला रोजच्या व्यवहाराचे रूप येते ते कापूस व पाणी यांच्या संदर्भात. अकोला, अमरावती येथील बाजारांत कापसाची प्रत पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांनी व बोटांनी ठरविली गेली. चिमूटभर रुई ओढून तंतूची लांबी सांगणाऱ्या पारख्याचे कौशल्य खरे आहे की नाही, हे तोच नमुना नाव बदलून दुसऱ्यांदा पुढे ठेवल्यास कळते. तंतूंच्या मोजणीसाठी १९२४ मध्ये मुंबईत माटुंगा येथे तंत्रवैज्ञानिक प्रयोगशाळा निघाल्यापासून हाताच्या अंदाजाची यंत्राशी तुलना करणे शक्य झाले. अशा तुलनेत कसलेले पारखी बऱ्याच वेळा उतरतात, कारण तंतूच्या लांबीतील फरक बोटांना जाणवण्याइतका असतो. समन्वित पीक-चाचण्यांत निरनिराळ्या वाणांना सांकेतिक क्रमांक देतात व वाफ्यांचा क्रम यदृच्छ ठेवतात, तोही याच कारणासाठी. अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची (स्था. १९६९) प्रक्षेत्रे वऱ्हाडातील शेतकऱ्यांच्या परिचयाची आहेत.

पाण्याची गोष्ट अधिक खर्चाची आहे. विहीर किंवा कूपनलिका खोदण्यापूर्वी हातात नारळ किंवा दुबेळक्याची फांदी घेऊन जागा दाखविणाऱ्या पाणाड्याला बोलाविण्याची रीत अद्याप आहे. पाणी लागले की त्याची कीर्ती होते. परंतु अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतील पूर्णा नदीच्या गाळाच्या प्रदेशात, म्हणजे खारपाणपट्ट्यात, पुरेसे खोल गेल्यास पाणी बहुतेक ठिकाणी लागते. अडचण आहे ती ते खारे असण्याची. तेथे ‘पाणी लागेल’ हे भाकीत जवळजवळ नेहमी खरे ठरणार, आणि त्यावरून पाणाड्याच्या शक्तीविषयी काहीच कळणार नाही. पाणी गोडे की खारे, हे सांगता येते काय, हीच तेथील खरी परीक्षा होय. जर्मनीत म्यूनिक येथे १९८७-८८ मध्ये सु. ५०० पाणाड्यांतून निवडलेल्या ४३ जणांची परीक्षा घेण्यात आली. कोठाराच्या तळमजल्यावर पाण्याचा नळ गाडीवरून यदृच्छ ठिकाणी नेऊन ठेवीत आणि वरच्या मजल्यावरील पाणाड्याने त्याची जागा सांगावयाची असे. ८४३ प्रयत्नांतून मोजके काही पाणाडे यशस्वी ठरले, असे प्रयोगकर्त्यांचे म्हणणे होते. जे. टी. एनराइट यांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासून ते यश योगायोगाइतकेच असल्याचे दाखविले. वीस श्रोत्यांतील एकाला आठ गुण मिळावेत, त्यातलाच हा प्रकार.

परीक्षेची घडण : तारांची परीक्षा एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत किंवा घरीही अल्प खर्चात घेता येते. प्रथम १,००० हर्ट्झचा स्थिर सूर लावून ध्वनिक्षेपकाच्या टोकांवरील दाब दोन्ही तारांसाठी एक टक्क्याच्या आत समान करावा. ही पायरी गाळल्यास पुढील सर्व श्रम वाया जातात, कारण किंचित मोठा आवाज कानाला ‘मोठा’ न वाटता ‘चांगला’ वाटतो. अदलाबदल करणारी व्यक्ती पडद्याआड किंवा दुसऱ्या खोलीत असावी. प्रत्येक फेरीत कोणती तार लावावयाची हे तिने नाण्याने ठरवून लिहून ठेवावे आणि श्रोत्यांजवळ बसणाऱ्या नोंदकाला ते कळू देऊ नये. क्ष बदलला नसला, तरी तार काढून पुन्हा लावावी, नाहीतर खटका ऐकूनच उत्तर मिळते. श्रोत्यांनी एकमेकांशी न बोलता उत्तरे लिहावीत. फेऱ्यांची संख्या व यशाची मर्यादा आधीच लिहून ठेवावी. निकाल पाहून ती ठरवू नये. ओळखीचे संगीत घ्यावे. त्यात तंबोऱ्याचा सलग नाद व खंजिरीसारख्या वाद्याचा तुटक आघात दोन्ही असावेत. वऱ्हाडात ही परीक्षा हिवाळ्यात, पंखे व कुलर बंद ठेवून घेणे सोयीचे पडते. [⟶ ध्वनिकी; फलज्योतिष; श्रुति].